सिस्टरच्या हातची पोळी

आमच्या मंडळीत सोवळं होतं. ख्रिस्ती लोकांत कसलं आलंय सोवळं, असं माझ्या शाळेतल्या हिंदू मैत्रिणी विचारायच्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसून मोकळी व्हायचे. पण होतं, आणि चांगलं कडक होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याची भाकर म्हणजे गव्हाची, बिनमिठाची पोळी, आणि ती मंडळीतल्या आठ घरांपैकी एका घरी व्हायची. शनिवारी संध्याकाळी चर्चचं ताट आणि क्रोशाचा पांढरा रुमाल त्या घरी पोचायचा आणि रविवारी सकाळी रुमालाखाली पोळी घेऊन ताट परत यायचं. या पोळीसाठी प्रत्येक घरात वेगळा तवा. आमचा तवा फडक्यात गुंडाळून ट्रंकेमागे उभा असायचा. त्यावर कुणी एखादा पापड जरी भाजला असता तरी आईने घर डोक्यावर घेतलं असतं. पोळी करायची ती अंघोळ करून, उपाशी पोटी, आणि करताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. यातलं एकही कलम शास्त्रात, म्हणजे बायबलात, नाही. मी पुढे मुद्दाम सगळं वाचून पाहिलं.

ही आठ घरं स्वतःला मूळ घराणी म्हणवून घेत. मूळ म्हणजे किती, तर माझ्या आईची आजी मोठ्या दुष्काळात पोटासाठी मिशनच्या कांजीच्या रांगेत उभी राहिली, तिथून. बाकीच्या सात घरांचं मूळही त्याच रांगेत होतं, थोडं पुढेमागे. त्या काळी चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणायचो, पुढे वेताच्या खुर्च्या होत्या. त्या गोऱ्या साहेबांच्या आणि मडमांच्या. आमचे लोक मागे सतरंजीवर. गोरे आधी भोजन घेत, मग आमचे. हे सांगताना आई अजूनही लालबुंद व्हायची. "आपण का माणसं नव्हतो? चामडी काळी म्हणून सतरंजी!" असं म्हणायची. मग गोरे साहेब एकेक करून आपल्या देशी निघून गेले आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. पुढच्याच रविवारी मूळ घराणी त्यांत जाऊन बसली. सतरंजी मात्र कुणी उचलली नाही. ती तिथेच राहिली, जणू तिच्यावर अजून कुणीतरी बसायला येणार होतं.

आणि आले. डोंगराकडे दुसऱ्या एका मिशनचं काम होतं, तेही बंद पडलं. तिकडचे कोरकू आदिवासी आमच्या मंडळीत सामील करून घ्यायची असं वरून ठरलं. नेपानगरचा कागदाचा कारखाना तेव्हा जोरात होता आणि यांतले बरेच जण त्याच्यासाठी बांबू तोडायचे. रविवारी पहाटे निघून, मैलोन् मैल चालून, चांदनी स्टेशनात पॅसेंजर धरून ते आमच्या शहराच्या लालबाग स्टेशनला उतरत आणि तिथून पुन्हा पायी. गाडी कधी वेळेवर नसायची. ते पोचेपर्यंत पहिलं गाणं होऊन गेलेलं असे. चाळीसेक माणसं, बाया कडेवरच्या पोरांसकट, चपला दारात काढून हळूच सतरंजीवर बसत. मग त्यांनी गायला सुरुवात केली की आमचं गाणं म्हणजे नुसती कुजबुज होती हे कळायचं. माझे वडील पेटी वाजवायचे. ते म्हणायचे, ही माणसं आल्यापासून मला भाता जोरात मारावा लागतो. त्यांना त्याचा आनंद होता. एकूणच ते दिवस आनंदाचे होते. देवळामागच्या यंत्रमागांची खटखट रविवारीसुद्धा थांबायची नाही, आणि आम्ही एवढे सगळे मिळून पहिल्यांदाच तिला भारी पडत होतो.

पण भोजनाला तेच शेवटी. आमच्याकडे वेदीपुढे लाकडी कठडा होता. एका वेळी बारा माणसं गुडघे टेकत, त्याला आम्ही फेरा म्हणायचो. पहिला फेरा खुर्च्यांचा, दुसरा-तिसरा बाकांचा, सतरंजीचा सगळ्यात शेवटी. पेला सगळ्यांना एकच होता, पण त्यांचे ओठ त्याला शेवटी लागत, त्यामुळे कुणाला काही म्हणायची वेळच येत नसे. "गाडी लेट असते ना त्यांची," असं सांगितलं जायचं. पहिल्या फेऱ्याच्या आधी तासभर तरी ते येऊन बसलेले असत, याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्यांच्यातली एकच बाई शहरात राहायची. दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे. रंगाने खूप काळी, ठेंगणी, चालायची अशी भराभर की बरोबरच्याला पळावं लागे. आमच्या मंडळीतली अर्धी पोरं तिच्या हातांवर जन्मली होती. माझा शेंडेफळ भाऊसुद्धा. रात्रीबेरात्री तिला बोलावणं जाई आणि ती स्टोव्हवर पाणी चढवण्यापासून बाळंतिणीला शिव्या घालण्यापर्यंत सगळं स्वतः करी. आई तिच्याबद्दल फार चांगलं बोलायची. "काळी असली तरी मनाची मोठी आहे," असं म्हणायची. त्या वाक्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

एका रविवारी उपासना संपल्यावर सिस्टर पाद्रीसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, अगले महिने ताट मेरे घर भेजना. पोळी मी करणार."

पाद्रीसाहेब म्हातारे होते, दम्याने वाक्यामध्ये थांबून थांबून बोलत. ते नुसते मान हलवत राहिले. तेव्हा ती पुढे जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली की डोंगरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलंय, आमच्या हातचं चालत असेल तर आम्ही या मंडळीचे. चालत नसेल तर आमच्याकडे मोहाचं झाड आहे, त्याखाली बसून आम्ही गाऊ. एवढं चालायचं कशाला मग?

पंचांची बैठक आमच्या घरी झाली. आई चहाच्या निमित्ताने दारात उभी आणि मी आईच्या मागे. कुणी म्हणालं, स्वच्छतेचा प्रश्न आहे. कुणी म्हणालं, तिच्याकडे वेगळा तवा कुठून असणार. कुणी म्हणालं, आमचं काही नाही हो, पण बायकांना विचारावं लागेल. पाद्रीसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, दम खाल्ला आणि म्हणाले, "सिस्टरच्या हातची पोरं चालतात... पोळी नाही चालत?" शेवटी ताट तिला द्यायचं असं ठरलं.

ठरलं खरं, पण रात्रीपासून आईचा जीव टांगणीला लागला. कारण मी होते. मला एकोणीस वर्षं झाली होती आणि मूळ घराण्यांतल्या सगळ्यात ताठ घरात माझं लग्न ठरत आलं होतं. माझी होणारी सासू बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी आली, चहाला हात न लावता बसली आणि आईला म्हणाली, "विहीणबाई, आम्ही त्या रविवारी येणार नाही. जंगलातल्या लोकांच्या हातचं आमच्या घशाखाली नाही उतरायचं. आणि जे लोक खातील, त्यांच्याशी सोयरीक करायची का, हाबी विचार करावा लागेल."

आई काय करणार? तिला सिस्टरचं मन मोडायचं नव्हतं आणि माझं लग्नही मोडायचं नव्हतं. तिने दोन्ही सांभाळायचा तोडगा काढला. ताट सिस्टरकडे जाऊ दे, पोळी तिची येऊ दे, पण वेदीमागच्या खोलीत पोळीचे तुकडे करायचं काम माझ्याकडे होतं. आई आपली एक पोळी माझ्या पिशवीत देणार. मी तुकडे करायचे ते आईच्या पोळीचे. तुकडे झाल्यावर कोण ओळखतंय? तिने हे माझ्या होणाऱ्या सासूच्या कानात सांगितलं, सासूने उरलेल्या घरांच्या कानात सांगितलं, आणि सगळी मूळ घराणी निर्धास्त झाली.

"तू फक्त तोंड मिटून बस," आई मला म्हणाली. "कोणाले दुःख नाही, कोणाले पाप नाही."

त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी देवळात गेले. द्राक्षरसाऐवजी आदल्या दिवशी उकळून ठेवलेलं मनुकांचं पाणी गाळून पेल्यात ओतत होते, तेवढ्यात मागच्या दाराने सिस्टर आली. धुतलेलं पांढरं लुगडं, डोळे लाल. ताट तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. नवा तवा आणला, तो तापायला वेळ लागला, पहिल्या दोन पोळ्या बिघडल्या, त्या शेजारणीच्या गाईला घातल्या, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. लाटणं तिला जमत नव्हतं, म्हणून हातावरच थापली होती. मग तिने रुमाल वर केला आणि मला विचारलं, "ठीक आहे का? चलेगी ना?"

मी त्या बाईला कधी कुणाला काही विचारताना पाहिलं नव्हतं. बाळंतिणीची सासू असो की डॉक्टर, ती सांगायची आणि लोक ऐकायचे. आणि आज ती माझ्याकडे, एका पोरीकडे, उत्तरासाठी बघत होती. मी म्हटलं, "छान झालीय सिस्टर." ती गेली. मी पिशवीतली आईची पोळी बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली, आणि सुरी सिस्टरच्या पोळीवर चालवली. मी फार विचार केला असं काही नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की तिला छान झालीय असं सांगून मग ती पोळी कपाटात लपवायची, हे माझ्याने होणार नव्हतं. तुकडे कापताना मनातून मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पहिला फेरा उठला. खुर्च्या सगळ्या भरलेल्या होत्या, एकही घर गैरहजर नव्हतं. आई कठड्याच्या डाव्या टोकाला, म्हणजे पहिली. तिचे गुडघे वाताने सुजलेले असायचे, ती कठडा धरून सावकाश खाली टेकली. शेजारी माझी होणारी सासू, डोळे मिटून अगदी भक्तिभावात. पाद्रीसाहेबांनी आईच्या तळहातावर तुकडा ठेवला. आईने तो तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

मी खोलीच्या दारातून बघत होते. आपली पोळी न ओळखणारी बाई अजून जन्मायची होती. आई पोळीत दूध घालायची, पातळ लाटायची. ही जाड होती, थापलेली, कडेला जरा खरपूस. आईने वर मान करून दाराकडे पाहिलं. तिची आणि माझी नजर भेटली. शेजारी सासूचा हात पुढे झालेला, पाद्रीसाहेब वाकलेले. आईने नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

आईने तुकडा चावला, गिळला आणि डोळे मिटले. सासूने खाल्ला. पुढच्याने खाल्ला. आठही घरांनी सिस्टरची पोळी खाल्ली, आणि मागे सतरंजीवर बसलेली सिस्टर ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला रडू आलं. मी पदराने डोळे पुसले आणि पुढच्या फेऱ्याची तयारी करायला वळले.

उपासना संपली. देवळाच्या दारात नेहमीसारखी गर्दी. माझी होणारी सासू आईजवळ आली आणि तिथेच चार पावलांवर सिस्टर उभी असताना, डोळे मिचकावत म्हणाली, "विहीणबाई, पोळी असावी तर तुमच्यासारखी. आज तर काही औरच झाली होती."

आता इथे आईने हसून मान डोलावली असती तर सगळ्यांचं सगळं जमलं असतं. माझं लग्न, सिस्टरचा मान, मंडळीची शांती. मी मनातल्या मनात तिला विनवत होते की हस, एकदाच हस. पण माझी आई खोटं रचायची तेव्हा हुशार असायची आणि ते तोंडाने बोलायची वेळ आली की खरं बोलून बसायची.

"माझी नव्हती," आई म्हणाली. "सिस्टरची होती. माझी पोळी पोरीच्या पिशवीत आहे. मी सांगितलं होतं तिले बदलून टाक म्हणून. तिनं नाही बदलली."

गर्दी जिथल्या तिथे थांबली. सासूचं तोंड उघडं राहिलं. मी जमिनीकडे बघत होते, कारण मला सिस्टरकडे बघवत नव्हतं. तिला आता सगळं कळलं होतं. सगळ्यांनी तिची पोळी तिची नाही असं समजून खाल्ली होती.

सिस्टरने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "तरीच. मैं सोच रही थी, आज सगळे इतक्या प्रेमाने कसे खातात." आणि हसली. ते हसू काही आनंदाचं नव्हतं. ती निघाली तशी आईने तिला हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सिस्टर, पुढच्या महिन्यात आमच्या घरचा नंबर आहे. तो तुम्ही घ्या. पुन्हा करा. आता सगळ्यांले माहीत राहील."

दुपारी पिशवीतली पोळी आम्ही वरणात कुस्करून खाल्ली. वडील म्हणाले, मीठ कमी आहे. आई त्यांच्यावर एवढी ओरडली की शेजारची मांजर पळाली, आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो. त्या महिन्याभरात घरात धास्ती होती, पण का कोण जाणे, आई गुणगुणत काम करायची. सिस्टर दोनदा संध्याकाळी येऊन गेली. आईने तिला लाटायला शिकवायचा प्रयत्न केला. सिस्टर म्हणाली, थापलेलीच चांगली. मला मात्र तिने जवळ घेऊन गालावर हात फिरवला आणि म्हणाली, "तू शेर आहेस." मी ते मान खाली घालून ऐकलं, आणि मला ते खरं वाटलं.

पुढचा पहिला रविवार आला. कोण येणार आणि कोण नाही याच्या पैजा लागल्या होत्या म्हणायला हरकत नाही. तीन घरं आली नाहीत. माझी होणारी सासू आली. बघायला आली असणार. खुर्चीवर न बसता ती मुद्दाम माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसली. पाद्रीसाहेबांनी सांगितलं, आजची भाकर सिस्टरच्या घरची आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं.

आई उठली. पाय ओढत गेली आणि बारा माणसांच्या कठड्याशी एकटी टेकली. वडील पेटीवर बसलेले, त्यांनी भाता हलवायला सुरुवात केली. कुणीच उठेना. पाद्रीसाहेब ताट घेऊन उभे. त्यांनी भोजन द्यायला सुरुवात केली नाही. ते थांबले. गाण्याचं एक कडवं झालं, दुसरं झालं, वडील पुन्हा पहिल्यावर आले. मागांची खटखट स्पष्ट ऐकू येत होती.

मग मागून सतरंजी सरकल्याचा आवाज आला. कोरकू मंडळी उठली. एक म्हातारा, त्याची म्हातारी, बांबू तोडणारे सहा जण, पोर कडेवर घेतलेली एक बाई, बाकांमधून चालत पुढे गेले आणि आईच्या शेजारी एकेक करून टेकले. पहिल्या फेऱ्यात. आज पेल्याला त्यांचे ओठ आधी लागणार होते आणि बाकीच्यांचे मागून, हे साऱ्या देवळाला कळलं. सगळ्यात शेवटी सिस्टर गेली. उजव्या टोकाला दोन जागा उरल्या होत्या. ती अलीकडच्या जागेवर टेकली, टोकाच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

ती मला बोलावत होती. तिला वाटत होतं मी उठणारच.

शेजारी सासू बसली होती. तिचा पदर माझ्या हाताला लागत होता. मी गीतपुस्तक उघडलं आणि त्यात बघू लागले. पान कुठलं होतं ते मला आठवत नाही. पुन्हा वर पाहिलं तेव्हा सिस्टरने हात उचलून घेतला होता, आणि पाद्रीसाहेबांनी अकरा जणांनाच भोजन द्यायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या फेऱ्यात आलेल्यांपैकी बाकीची तीन घरं उठली. तिसऱ्यात, काय मनात आलं कोण जाणे, सासू उठली, आणि तिच्या मागून मी. तिने तुकडा घेतला, पेल्यातून घोट घेतला आणि कुणाकडे न बघता परत येऊन बसली. डोंगराकडची मंडळी त्यानंतर दर रविवारी येत राहिली, महिन्याभरात त्यांची गाडी लेट असल्याचं कुणी म्हणेनासं झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी त्या घरची सून झाले. सासू माझ्याशी कायम चांगलीच वागली. सिस्टरही. तिने माझी दोन्ही मुलं हातावर घेतली आणि त्या रविवारबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही.

काढलं ते आईनेच, आणि त्याच दिवशी. घरी आल्यावर ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, वडील तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते, आणि ती इतकी समाधानी दिसत होती की मला वाटलं आता मला काही विचारणार नाही. पण तिने विचारलं, "तुझ्या गुडघ्यांले काय झालं होतं वं?"

माझे गुडघे तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.